मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग विमानाचा वेळ दर वेळी वेगळा का?

रात्री दीड वाजता मुंबईहून निघालेलं विमान सकाळी आठ वाजता न्यूयॉर्कला पोहोचतं. तारीखही तीच. तिकिटावरचे हे दोन आकडे बघून पुण्यातली माझी मावशी म्हणाली, "साडेसहाच तास? रस्त्याचं काम चालू असलं की एसटीने कोल्हापूरला जायलासुद्धा एवढा वेळ लागतो." मावशी विनोद करत नव्हती. तिने आयुष्यात पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय तिकीट हातात घेतलं होतं आणि पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली होती. आपण सगळे तेच करतो.

प्रत्यक्षात ती सोळा तास विमानात बसणार होती.

मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदा अमेरिकेला निघालेले आई-बाबा महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. तिकीट काढायच्या आधी कुणीतरी मोबाइलवर 'मुंबई ते न्यूयॉर्क अंतर' असं शोधतं आणि गोंधळ सुरू होतो. एक वेबसाइट १२,५०० सांगते, दुसरी ७,८००. वेळ एकीकडे १४ तास, दुसरीकडे १६, तिसरीकडे थेट २२. यातलं खोटं काहीच नाही. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

आधी अंतराचं बघू

मुंबईचा विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ यांच्यातलं पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. मैलांत मोजलं तर सुमारे ७,८००. विमान कंपन्या आणि पायलट वापरतात ते नॉटिकल मैल, त्यात हाच आकडा ६,८०० च्या जवळपास येतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये एकक लिहायचं राहून जातं आणि त्याखाली शंभर लोक भांडत बसतात, त्यातली बरीचशी भांडणं इथेच मिटतात.

आता हे १२,५०० किलोमीटर नेमके कुठून जातात?

शाळेत भिंतीवर लावलेला जगाचा नकाशा आठवा. मुंबई उजवीकडे, न्यूयॉर्क डावीकडे थोडं वर. दोघांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. दिसायला एकदम सरळ. पण या रेघेवरून खरोखर प्रवास केला तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा १,७०० किलोमीटर जास्त. विमानाच्या हिशेबात हे जवळजवळ दोन तास झाले.

कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. गोल वस्तूचं साल सपाट पसरायचं म्हटलं की कुठेतरी ताणावं लागतं, आणि भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात उत्तरेकडचा भाग भरपूर ताणलेला असतो. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि घट्ट ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून तो निघतो तोच वायव्येच्याही वर, जवळजवळ उत्तरेच्या रोखाने. सिंध, अफगाणिस्तानातल्या कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग रशियात मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, पुढे फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेला तो जातो ती जागा आइसलंड आणि फॅरो बेटांच्या मधल्या समुद्रात, ६५ अक्षांशाच्या जवळ.

उकाड्याच्या शहरातून निघून दुसऱ्या शहरात पोहोचायला वाटेत आर्क्टिक वृत्ताच्या उंबरठ्यापर्यंत जावं लागतं, हे मला स्वतःला दोरा ताणून बघेपर्यंत पटलं नव्हतं.

या सर्वांत जवळच्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात. 'एअर डिस्टन्स' म्हणून इंटरनेटवर जे अंतर मिळतं ते याच वाटेचं असतं. आणि तिथूनच पुढचा घोळ सुरू होतो, कारण या यादीतले देश पुन्हा एकदा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. त्याकडे येऊच.

९०० ने भागलं की झालं?

अंतर सांगणाऱ्या बहुतेक वेबसाइट वेळ काढताना एक साधं गणित करतात. प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास धरायचा, अंतराला त्याने भागायचं, चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा. १२,५०० भागिले ९०० म्हणजे सुमारे १३ तास ५० मिनिटं. अधिक अर्धा तास. उत्तर १४ तास २० मिनिटं.

गणित बरोबर आहे, उत्तर मात्र मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या कुणाच्याही फारसं कामाचं नाही. या दिशेने थेट विमानाला वेळापत्रकात साधारण १५ ते १६ तास धरलेले असतात, परिस्थितीनुसार थोडे जास्तही. परतीच्या प्रवासाला मात्र १४ ते साडेचौदा तास पुरतात. तेच विमानतळ, तेच अंतर, विमानही बहुतेक वेळा त्याच प्रकारचं.

एक छोटा खुलासा. वेळापत्रकात लिहिलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथून ते पोहोचल्यावर दुसऱ्या गेटला लागून थांबतं तिथपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उड्डाणाच्या परवानगीची वाट बघणं, उतरल्यावर गेट मोकळं होईपर्यंत थांबणं, सगळं त्यात धरलेलं. मुंबई आणि जेएफके दोन्ही गर्दीचे विमानतळ, त्यामुळे कंपन्या थोडा वेळ हातचा राखूनच ठेवतात. "आपलं विमान नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचलं आहे" अशी घोषणा ऐकून आपण खूश होतो, त्यामागे पायलटच्या कसबाइतकाच या राखीव वेळेचाही हात असतो.

जाताना समोरून वारा, येताना पाठीवर

जाण्या-येण्यातल्या फरकाचं मुख्य कारण वारा आहे. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे जिथून प्रवासी विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे वेगवान पट्टे असतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो.

विमानाचा ९०० चा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. ती हवाच उलट दिशेने सरकत असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमान तेवढं हळू होतं. नदीत प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवण्यासारखं. संपूर्ण प्रवासाची सरासरी काढून समोरचा वारा ताशी फक्त ५० किलोमीटर धरला तरी वेग ८५० उरतो आणि १२,५०० किलोमीटरला १४ तास ४२ मिनिटं लागतात. तोच वारा पाठीमागून आला तर वेग ९५० आणि वेळ १३ तास ९ मिनिटं. दीड तासाचा फरक इथेच पडला.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला सहा तासांहून अधिक लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. "प्रवासी विमानाने आवाजाचा वेग ओलांडला" अशा पोस्ट तेव्हा फिरल्या, त्या चुकीच्या होत्या. भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने उडत होतं, हवाच पळत होती.

वाऱ्यासाठी विमान कंपन्या लांबची वाट पकडायलाही तयार असतात. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा कमी. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी होता, एवढंच. अंतरावरून वेळ सांगता येत नाही याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

अटलांटिकवर तर रोज नव्या वाटा आखल्या जातात. कॅनडा आणि युरोप यांच्यामधल्या महासागरावर विमानांसाठी समांतर मार्ग ठरवले जातात आणि ते वाऱ्याच्या अंदाजानुसार दररोज बदलतात. पश्चिमेला जाणाऱ्यांना वारा टाळता येईल असे, पूर्वेला जाणाऱ्यांना वारा मिळेल असे. म्हणून काल मावशी ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने आज शेजारचे काका जातील असं नाही. फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर विमान 'वाकडं' जाताना दिसलं म्हणून लगेच फोन करू नका.

(एक नेहमीचा प्रश्न: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचायला नको का? खाली न्यूयॉर्क आपणहून जवळ येईल ना? नाही येणार. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणातच असतं. नाहीतर मुंबईवर हेलिकॉप्टर तासभर हवेत उभं केलं की खाली दीड हजार किलोमीटर पश्चिमेचा अरबी समुद्र आला असता.)

आकाशातही रस्ते बंद होतात

आता त्या देशांच्या यादीकडे. प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाच्या ताब्यात असतं. त्यातून जायला परवानगी लागते आणि त्याचे पैसेही मोजावे लागतात. परवानगी काढून घेतली की दोरा कितीही सरळ असो, विमानाला वळसा पडतो.

बालाकोटच्या कारवाईनंतर, फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं. ते जुलैच्या मध्यात खुलं झालं. या काळात एकट्या एअर इंडियाचं सुमारे ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झालं, असं सरकारने संसदेत सांगितलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी पुन्हा आकाश बंद केलं. मग भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी केली, आणि पुढे ही मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधन भरायला व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. कागदावर 'नॉन-स्टॉप' असलेला प्रवास एका थांब्याचा झाला. दिल्ली ते वॉशिंग्टन ही सेवा तर कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. ताफ्यात कमी पडलेली विमानं आणि बंद असलेलं पाकिस्तानी आकाश, अशी दोन्ही कारणं तेव्हा दिली होती.

मुंबईची स्थिती या बाबतीत दिल्लीपेक्षा बरी आहे. इथून विमान निघालं की समोर अरबी समुद्र मोकळा असतो. पाकिस्तानला बगल देऊन आखाताच्या बाजूने, पुढे तुर्कस्तान आणि युरोपवरून अटलांटिक गाठता येतो. पण या वाटेने १२,५०० चे १३,००० ते १३,५०० किलोमीटर सहज होतात. शिवाय ही वाट ज्या प्रदेशावरून जाते तिथली परिस्थिती आपण बातम्यांत बघतोच. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण, इराक आणि आजूबाजूचं आकाश बंद झालं, तेव्हा वाटेत असलेल्या विमानांनाही माघारी फिरावं लागलं होतं.

रशियाची गोष्ट आणखी वेगळी. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाने अमेरिका आणि युरोपातल्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. त्याच मार्चमध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने न्यूअर्क ते मुंबई सेवा थांबवली. म्हणजे एकाच मार्गावर एका देशाच्या कंपनीला जी वाट मिळते ती दुसरीला मिळत नाही, आणि विमानाचा वेळ विमानावर कुणाचा झेंडा आहे यावरही ठरतो.

पण खुलं आकाश मिळालं तरी त्याची दुसरी बाजू असते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरवावं लागलं. २१६ प्रवासी होते. मुंबईहून दुसरं विमान तिथे पोहोचेपर्यंत त्यांना त्या दुर्गम शहरात राहावं लागलं. नकाशावर सर्वांत जवळची वाट निवडताना वाटेत उतरायची वेळ आली तर कुठे उतरणार, हाही विचार करावा लागतो.

आणि वळसा म्हणजे फक्त जास्त वेळ नव्हे, जास्त वजन. अशा मार्गांवर चालणारं बोइंग ७७७-३००ईआर घ्या. उड्डाणाच्या वेळी त्याचं कमाल वजन सुमारे ३५१ टन असू शकतं, आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले सुमारे १४५ टन निव्वळ इंधन. तासाला साधारण सात-आठ टन जळतं. तासाभराचा वळसा पडला की तेवढं इंधन आधीच भरून न्यायचं, आणि ते भरलेलं इंधन वाहून न्यायलाही आणखी इंधन जाळायचं. कंपनीच्या आकड्यांनुसार या विमानाचा पल्ला सुमारे १३,६५० किलोमीटर आहे. समोरचा वारा, वळसा आणि कायद्याने राखून ठेवावं लागणारं इंधन हे सगळं धरलं की मुंबई-न्यूयॉर्कसाठी फार मोकळीक उरत नाही. मग कधी माल कमी घ्यावा लागतो, कधी काही सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात. तिकीट महाग का, याचं थोडंफार उत्तर इथे आहे.

मध्ये थांबा घेतला तर किती वाढतं?

याचं उत्तर बघून मी दोनदा गणित तपासलं. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज १२,७५०. थेट वाटेपेक्षा जेमतेम २५० किलोमीटर जास्त! दुबईमार्गे गेलात तर १,९२५ अधिक ११,०००, म्हणजे सुमारे १२,९५०. तेही फार नाही. लंडन किंवा फ्रँकफर्टसारखी शहरं त्या ताणलेल्या दोऱ्यापासून फारशी लांब नाहीत, म्हणून असं होतं.

पूर्वी तर थांब्याशिवाय पर्यायच नव्हता. एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन विमान जून १९४८ मध्ये गेलं तेच कैरो आणि जिनिव्हाला थांबत. मे १९६० मध्ये कंपनीची सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली, बोइंग ७०७ विमानाने, लंडनमार्गे. मुंबईहून थेट न्यूयॉर्कला एअर इंडियाचं विमान जायला २००७ साल उजाडावं लागलं. ती सेवा पुढे बंद-चालू होत राहिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा तिकीट काढताना आजची स्थिती विमान कंपनीच्याच साइटवर बघा, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर जाऊ नका.

तर थांब्याने अंतर वाढत नाही, वेळ मात्र वाढतो. उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाची वाट, पुन्हा चढणं. सगळं जुळून आलं तर वीस-बावीस तास, नाही जुळलं तर तीसही होतात. शोधताना जो २२ तासांचा आकडा दिसतो तो हाच.

तरीही वयस्कर माणसांसाठी थांबा वाईटच असं मी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सलग सोळा तास बसण्यापेक्षा मध्ये दोन तास पाय मोकळे करायला मिळाले तर बरं वाटतं. उलट, इंग्रजी-हिंदी दोन्हीची सवय नसलेल्या, एकट्याच निघालेल्या आजींना अनोळखी विमानतळावर टर्मिनल बदलायला लावण्यापेक्षा थेट विमान बरं. माझं मत विचाराल तर एकटं जाणाऱ्यासाठी थेट, दोघं असतील तर थांब्याचा विचार करा, पण थांबा तीन तासांपेक्षा कमी नको आणि दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढून पाच-सात हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट उपयोगी आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथल्या विमानतळावरच होते. त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या रांगेत उभं राहावं लागत नाही, पण अबुधाबीत त्यासाठी वेळ हाताशी लागतो.

घड्याळाचं कोडं

मावशीच्या साडेसहा तासांकडे परत येऊ. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा मागे असतं. किती मागे, ते महिन्यावर अवलंबून. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास, बाकी काळात साडेदहा. आपण घड्याळ बदलत नाही, ते बदलतात.

उन्हाळ्यात रात्री दीडला निघालात. सोळा तास मिळवले की भारतात संध्याकाळचे साडेपाच. त्यातून साडेनऊ तास वजा केले की न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ. हेच जानेवारीत केलं तर सकाळचे सात. परतीच्या वेळी उलटा खेळ. न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालेलं विमान साडेचौदा तासांनी उतरतं तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा वाजलेले असतात. तिकीट बघून वाटतं, पूर्ण दिवस विमानात.

म्हणून तिकिटावरच्या दोन वेळा वजा करू नका. तिकिटावर 'ड्युरेशन' असा वेगळा रकाना असतो, खरा वेळ तोच.

पुण्याहून निघणाऱ्यांनी त्यात आणखी भर घालावी. मुंबई विमानतळापर्यंत गाडीने चार तास, विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी, मग सोळा तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यात दीड-दोन तास, पुढे मुलाच्या घरापर्यंत तासभर. घर ते घर सव्वीस-सत्तावीस तास झाले. मुलगा न्यू जर्सीत एडिसनसारख्या ठिकाणी राहत असेल तर जेएफकेपेक्षा न्यूअर्कचा विमानतळ बराच जवळ पडतो, म्हणून अंतर शोधताना तिकिटावर नेमका कुठला विमानतळ आहे तेही बघा.

सोळा तास बसायचं तर

विमान अकरा किलोमीटर उंचीवर असलं तरी आतला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर, कोरड्या हवेत, एका खुर्चीत पंधरा-सोळा तास बसणार आहात. निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारायला हवं.

दुसरा मुद्दा पायांचा. चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यावर पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं होतं. मुळातला धोका लहान आहे, साधारण सहा हजारांत एक. पण स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा आधी गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर तो वाढतो. दर तास-दीड तासाने उठून चालायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी प्यायचं. बाजूची सीट घ्या, खिडकीची नको. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी शेजारच्याला उठवायला नको म्हणून सहा-सहा तास जागेवरून हलत नाहीत आणि पाणीही कमी पितात.

आणि गोळ्या. मधुमेहाच्या माणसाने इन्सुलिन 'रात्री आठला' घ्यायचं असेल तर कुठल्या देशातल्या रात्री आठला? साडेनऊ तासांनी दिवस लांबतो तेव्हा हा प्रश्न खरोखर येतो, आणि त्याचं उत्तर व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळत नाही. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहून घ्या. औषधं प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी कळवा.

मावशीच्या मोबाइलमध्ये भाच्याने शेवटी दोन घड्याळं लावून दिली, एक पुण्याचं आणि एक न्यूयॉर्कचं. विमान त्या दिवशी १५ तास ५० मिनिटांत पोहोचलं. परत येताना सव्वाचौदा तास लागले, तेव्हा तिने फोन करून विचारलं की पायलटने शॉर्टकट मारला का.